पाच खुणांचे करजगी

करजगी हे नाव आपण चार अक्षरांत लिहितो. संगणक ते पाच खुणांत साठवतो: क, र, ज, ग आणि त्या ग ची दुसरी वेलांटी. युनिकोडच्या यादीत या खुणांचे क्रमांक आहेत २३२५, २३५२, २३३२, २३२७ आणि २३६८. गावाचा पिनकोड पाठ असावा तसे हे पाच आकडे मला पाठ आहेत. एकदा ते माझ्या हातून बिघडले आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना बसला. या पुस्तिकेची सुरुवात त्या दिवशी झाली.

करजगी नावाची गावे बरीच आहेत. अक्कलकोट तालुक्यात एक आहे, पार हावेरीजवळ एक आहे. मी सांगते ते कलबुरगी जिल्ह्यातल्या अफजलपूर तालुक्यातले करजगी. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुरगी, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि या पट्ट्यातल्या मराठी घरांना कचेरीची भाषा नव्याने शिकावी लागली. घरात मराठी, बाजारात कन्नड, आजोबांच्या पेटीत उर्दू आणि मोडीतले कागद, हे इकडे कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते बाहेरून आलेल्या यंत्राला. त्याला एका वेळी एकच भाषा आणि एकच लिपी ठाऊक असते, आणि ती कोणती हे त्याला कोणी सांगितले नाही तर ते अंदाज बांधते.

सॉफ्टवेअरसोबत येणारी माहितीपुस्तके, मदतपाने, कोणते बटण दाबले की काय होते ते सांगणारा मजकूर, असे लेखन मराठीत करणाऱ्यांसाठी ही पुस्तिका आहे. हा मजकूर बहुतेक ठिकाणी एक्सएमएल फाइलींत ठेवतात. डॉकबुक ही त्यासाठीची जुनी, १९९१ पासूनची पद्धत; केडीईसारख्या मुक्त प्रकल्पांची मदतपुस्तके तिच्यातच लिहिली गेली. डिटा ही नंतरची. आपण एक्सएमएलला कधी हातही लावला नाही असे ज्यांना वाटते त्यांनी वर्डमध्ये केलेल्या एखाद्या डॉकएक्स फाइलीची प्रत घ्यावी, तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करावा आणि उघडून पाहावे. आत एक्सएमएलच आहे. लग्नपत्रिकेपासून ग्रामपंचायतीच्या ठरावापर्यंत आपण सगळेच ते रोज लिहितो आहोत.

आता तो दिवस. गावच्या दूध संकलन केंद्रावर हिशेबाचे एक सॉफ्टवेअर आले होते. सकाळ-संध्याकाळ दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ नोंदवायचे आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचे, एवढेच त्याचे काम. त्याचे मदतपुस्तक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत करायचे होते आणि ते माझ्याकडे आले. मूळ इंग्रजी फाइल मी घेतली, तिच्यातला मजकूर काढून आपला घातला आणि यूटीएफ-८ मध्ये साठवला. पहिली ओळ तशीच राहू दिली. त्या ओळीत एन्कोडिंग म्हणून विंडोज-१२५२ लिहिलेले होते, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा संच. माझ्या संपादकात सगळे नीट दिसत होते, कारण तो पहिली ओळ न वाचता बाइट बघून स्वतःच ओळखत होता. छपाईच्या वाटेवरचा पार्सर, म्हणजे फाइल वाचून उलगडणारा प्रोग्राम, मात्र सांगितले ते ऐकणारा होता. त्याने पहिली ओळ वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला.

केंद्र चालवणाऱ्या अण्णांचा फोन आला. "ताई, यात 'जमा' कुठलं आणि 'रद्द' कुठलं? सगळ्या ओळी सारख्याच दिसायल्यात." मी म्हटले, उद्या नवी पाने पाठवते. पण दूध उद्यापर्यंत थांबत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी अंदाजाने एक बटण दाबले आणि त्या वेळच्या संकलनाच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी लोक आपापली कार्डे घेऊन आले आणि आकडे पुन्हा सांगत बसले. काहींची कार्डे भरलेलीच नव्हती. एका आजींच्या म्हशीच्या दुधाचा फॅट किती लागला होता ते शेवटपर्यंत कोणाला आठवले नाही, आणि त्यांना सरासरीवर पैसे घ्यावे लागले. फाइलीतली एक ओळ न वाचल्याने काय होते ते मी तिथे उभी राहून पाहिले.

अण्णांचे ते वाक्य, सगळ्या ओळी सारख्या दिसतात हे, तांत्रिक दृष्टीनेही अगदी बरोबर होते. यूटीएफ-८ ही अक्षरे बाइटांत बांधण्याची पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीला तीन. आपला क म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट. देवनागरीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट २२४ च असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ए, १६४ म्हणजे चारी बाजूंना टोके फुटलेले गोल चलनचिन्ह, आणि १४९ म्हणजे ठळक काळा ठिपका. एका क चे असे तीन तुकडे झाले. सगळ्या पानावर दर तिसऱ्या जागी तोच रेघ ओढलेला ए. ओळी सारख्या दिसतील नाहीतर काय!

कन्नड पानांवरही तोच ए होता, पण चलनचिन्हाच्या जागी वर चढवलेला बारीक दोनचा आकडा होता. तेव्हा ते मला फक्त विचित्र वाटले. नंतर कळले की फुटलेल्या मजकुरातही मूळ लिपी कोणती ते या दुसऱ्या चिन्हावरून ओळखता येते: चलनचिन्ह किंवा येनचे चिन्ह असेल तर देवनागरी, लहान दोन किंवा तीन असेल तर कन्नड. इकडच्या माणसाने ही खूण लक्षात ठेवावी. फार उपयोगी पडते.

असा फुटलेला मजकूर उलट फिरवून परत मिळवता येतो असे बरेच जण सांगतात. ते अर्धे खरे आहे. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरे रिकामी आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. या घरांशी आले की काही रूपांतरक काम थांबवतात, काही तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातात. आमचा पुढे गेला. मराठीत तिसऱ्या बाइटाला ही घरे कोणाकोणाच्या वाट्याला येतात? १४३ म्हणजे ए, १४४ म्हणजे ऐ, १५७ म्हणजे झ. १२९ म्हणजे पहिला उकार. आणि १४१ म्हणजे हलन्त, जोडाक्षरांचा सगळा संसार ज्याच्यावर चालतो तो. म्हणून त्या फाइलीतून करजगी अख्खे परत आले, बीदर आले, सोलापूर आले, अफजलपूर आले. कलबुरगीचा उकार गेला. अक्कलकोटचा जोड निखळला. 'जमा' साबूत परत आला, 'रद्द' नाही.

सगळ्यात जास्त सलते ती गोष्ट वेगळी आहे. एक्सएमएलचे नियम १० फेब्रुवारी १९९८ ला ठरले. त्यांत असे आहे की प्रत्येक पार्सरला यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ वाचता आलेच पाहिजे, आणि फाइलीने काहीच सांगितले नसेल, आरंभी कोणतीही खूण नसेल, तर ती यूटीएफ-८ आहे असे समजावे. म्हणजे मी ती पहिली ओळ नुसती पुसून टाकली असती तरी पुस्तक बरोबर छापले गेले असते. गप्प फाइल चालली असती, खोटे बोलणारी चालली नाही. त्या नियमांत दुसरीही एक कडक गोष्ट आहे: सांगितलेल्या एन्कोडिंगमध्ये न बसणारा बाइट भेटला की पार्सरने थांबायचे. लोक या थांबण्याला वैतागतात. मी त्याचे स्वागत करायला शिकले आहे. यूटीएफ-८ म्हणून घोषित केलेल्या फाइलीत दुसरे काही घुसले तर ते बहुधा पहिल्या काही अक्षरांतच पकडले जाते. विंडोज-१२५२ ला मात्र जवळजवळ काहीही खपते, आणि जो सगळे खपवून घेतो त्याच्यापाशी चूक उघडकीला येत नाही.

कन्नड आणि मराठी क च्या बाइटांकडे पुन्हा वळते, कारण सीमाभागातल्या माणसाला त्यात आणखी काही सापडेल. मराठी क २२४, १६४, १४९. कन्नड क २२४, १७८, १४९. पहिला तोच, शेवटचा तोच, फक्त मधल्यात १४ चा फरक. ख घ्या, ळ घ्या, वेलांटी घ्या, दोन्ही लिप्यांत जे जे समान आहे त्या सगळ्यात हाच फरक निघतो. हा योगायोग नाही. भारतीय लिप्यांना संगणकात आणण्याचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले, मोहन तांबे यांच्यासारख्यांनी ते जिस्ट या नावाने पुढे नेले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झाल्यावर ते तिथे वाढले. त्यातून आलेले इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. इस्कीची दृष्टी अशी की ब्राह्मीपासून आलेल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे, तेव्हा क ला एकच क्रमांक द्यावा, १७९, आणि तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये ते दुसऱ्या एका संकेताने सांगावे. युनिकोडने त्याच सुमारास, इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून, प्रत्येक लिपीला १२८ घरांची स्वतंत्र आळी दिली, पण घरांचा क्रम तोच ठेवला. देवनागरीची आळी २३०४ पासून सुरू होते, कन्नडची तिच्यापासून सातवी, ३२०० पासून. आपला क देवनागरीच्या आळीत ज्या जागी राहतो त्याच जागी कन्नड क आपल्या आळीत राहतो.

मला हे फार सुंदर वाटते. पण यातून एक मोह होतो, आणि त्यापासून सावध करायलाच हा परिच्छेद लिहिते आहे. मधल्या बाइटातून १४ वजा करा की कन्नडचे मराठी झाले, असे वाटू लागते. लिपी बदलते, भाषा नाही. गावाच्या कन्नड पाटीवर शेवटचा इकार ऱ्हस्व आहे. १४ वजा केले की 'करजगि' मिळते. मराठीच्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून आपल्याला 'करजगी' हवे. एका गावाच्या नावात हा फरक, मग वाक्यांत किती पडेल! देवल गाणगापूर याच अफजलपूर तालुक्यात आहे. तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा गुरुचरित्र हा ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी मराठीत लिहिला, आणि त्यांच्या घरची भाषा कन्नड होती. एका भाषेतून दुसरीत जाताना माणसाला जो प्रवास करावा लागतो तो बाइटांच्या वजाबाकीत होत नाही. काही सॉफ्टवेअर आजही ती वजाबाकी करून गावांच्या नावांच्या याद्या तयार करतात. त्या याद्या माहितीपुस्तकात घेण्याआधी एखाद्या गावकऱ्याला वाचून दाखवा.

या पुस्तिकेतले सगळ्यात मोठे प्रकरण जुन्या फॉन्टांवर आहे, आणि ते मोठे असायलाच हवे. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, तिकडे नुडी आणि बरहाचे जुने फॉन्ट: पंचवीस-तीस वर्षे आपली छपाई यांनी उचलून धरली. त्या काळच्या डीटीपीवाल्यांनी यांच्या जोरावर जे उभे केले त्याला मी नावे ठेवणार नाही. पण या फॉन्टांत क नावाची गोष्टच नसते. रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचे चित्र बसवलेले असते. कृतीदेव हा रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळपाटावर बेतलेला आहे; त्यात करजगी लिहायचे तर डी, जे, टी, एक्स, एच या पाच कळा. फाइलीत साठते ते हेच पाच रोमन अक्षरांचे अर्थहीन गाठोडे. फॉन्ट सोबत असेल तोवर डोळ्यांना करजगी दिसते. फॉन्ट नाही, की 'अक्षरं फुटली' म्हणत फोन येतो.

ही फाइल एक्सएमएलच्या कसोटीला उतरते, यात खरी मेख आहे. पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेले असते आणि ते खरे असते. बाइट शुद्ध असतात. पार्सर समाधानाने पुढे जातो. एन्कोडिंग खरे आणि मजकूर खोटा, असे हे दुखणे आहे, आणि 'आमच्याकडे सगळे युनिकोडमध्ये आहे' असे सांगणाऱ्या पुष्कळ ठिकाणी मी ते पाहिले आहे. तपासायची रीत सोपी: फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा आणि त्यात आपल्या गावाचे नाव शोधा. सापडले तर ते गाव फाइलीत आहे. सापडले नाही तर फाइलीत फक्त त्याचे चित्र आहे.

कृतीदेवच्या मजकुराने एक्सएमएल मोडतेही, आणि ते कसे मोडते ते कळले तर पुढचा त्रास वाचतो. त्या फॉन्टात ढ हे डाव्या कोनकंसाच्या घरात बसते आणि झ उजव्या कोनकंसाच्या. एक्सएमएलमध्ये डावा कोनकंस म्हणजे खुणेची, टॅगची, सुरुवात. 'ढग' असा साधा शब्द आला की पार्सरला एक्स नावाचा टॅग उघडल्यासारखा वाटतो, आणि तो पुढे कुठेच बंद झालेला दिसत नाही. ढ असलेली पाने पडतात आणि झ असलेली पार होतात, असा चमत्कारिक अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना त्याचे कारण आता सापडेल. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर एक्सएमएलमध्ये घालण्याआधीच आणा. नंतर नाही.

दुभाषी फाइलीत तर जुने फॉन्ट पूर्णच हतबल होतात. एकाच रोमन अक्षराच्या घरात मराठी फॉन्टाचे एक चित्र आणि कन्नड फॉन्टाचे दुसरे. मजकूर एका खिडकीतून दुसरीत उचलून टाकला की कोणती ओळ कोणत्या भाषेतली होती हेच हरवते. करजगीसारख्या ठिकाणी मदतपुस्तकाचे प्रत्येक पान दोन भाषांत हवे असते, कारण दूध घालायला येणाऱ्यांत दोन्ही भाषा वाचणारे असतात आणि दोन्हींतली एकच वाचणारेही असतात. अक्षर कोणते, लिपी कोणती, भाषा कोणती हे फाइलीने स्वतःजवळ बाळगले पाहिजे. वाचणाऱ्याच्या यंत्रात कोणता फॉन्ट आहे, त्याचा संपादक किती हुशार आहे, यावर ते सोपवता कामा नये. या पुस्तिकेतल्या प्रत्येक सूचनेमागे माझा एवढाच आग्रह आहे.

भाषेसाठी एक्सएमएलमध्ये वेगळी खूण आहे: मराठीला एमआर, कन्नडला केएन, हिंदीला एचआय. पुष्कळ जण ती लावतच नाहीत, कारण लावली नाही तरी पान दिसते. पण मराठी आणि हिंदी एकाच लिपीत आहेत, आणि मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छापातल्या ल आणि श पेक्षा वेगळे. युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच. चांगला फॉन्ट भाषेची खूण पाहून वळण निवडतो. खूण नसेल तर बहुधा हिंदी वळण येते आणि मराठी पान परके दिसू लागते. बोलून वाचणारी सॉफ्टवेअरही उच्चार ठरवताना या खुणेचा आधार घेतात. पाहू न शकणारा मराठी वाचक आपल्या लेखनाचा वाचक आहे हे विसरू नये.

आता मराठीचा खास प्रश्न, आडवा अर्धा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत जेवण कोणी करायचे हेच बदलते. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक २३५३, आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, क्रमांक ८२०५. पहिला इस्कीला धरून आहे, दुसरा युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला. कागदावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द, एकाने लिहिलेले दुसऱ्याने शोधले तर सापडत नाही, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. शिवाय फाइली 'साफ' करणारी हत्यारे न दिसणारी चिन्हे झाडून टाकतात. तो जोडक गेला की दऱ्यांचा दर्या होतो आणि कोणताही पार्सर तक्रार करत नाही. मी पहिला प्रकार वापरते आणि सगळ्यांनी तोच वापरावा असे मला ठामपणे वाटते. याबाबतीत दोन्ही चालतील असे म्हणणे म्हणजे शोध चालणार नाही असे म्हणणे.

ॲ या अक्षराचेही थोडे असेच आहे. 'ॲप' लिहायला लागणारे हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून वेळ मारून नेत. जुन्या फाइलींत तसे अजून सापडते. पुढच्या एका प्रकरणात त्याचा तक्ता दिला आहे.

आजोबांच्या पेटीचा उल्लेख वर केला तो सहज नव्हता. या पट्ट्यातल्या एखाद्या घरातली जमिनीची कागदपत्रे काढून बसा. निजामाच्या राज्यातला उर्दू कागद, त्याखाली मोडीतले खरेदीखत, मग कन्नड उतारा, वर मराठीत केलेली टिपणे. यांचे वर्णन एका एक्सएमएल फाइलीत करायचे तर यूटीएफ-८ मध्ये उर्दूचे अक्षर दोन बाइट घेते, कन्नड आणि देवनागरीचे तीन, आणि मोडीचे चार. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, पार ७११६८ क्रमांकापासून पुढे, म्हणून ते चार. मायएसक्यूएल या सर्रास वापरातल्या डेटाबेसात यूटीएफ-८ च्या नावाने जो प्रकार होता तो तीन बाइटांपर्यंतच साठवत असे. चारांसाठी वेगळा प्रकार २०१० मध्ये आला. जुन्या प्रकारात ठेवलेले मोडीचे अक्षर टिकत नाही. अभिलेखांचे काम करणाऱ्या मित्रांनी हे आधी तपासावे, मग भरायला बसावे.

बारीक गोष्टी इथे थोडक्यात सांगते, आत सविस्तर आहेतच. पहिली ओळ खरोखर पहिलीच असली पाहिजे, तिच्याआधी एक रिकामी जागाही चालत नाही. तिच्यातला आवृत्तीचा आकडा इंग्रजी अंकांतच हवा, आणि अवतरणचिन्हे सरळ हवीत. वर्डमधून उचलून आणलेली वळणदार चिन्हे पार्सरला कळत नाहीत. क्रमांकाने अक्षर लिहिण्याची जुनी पद्धत, अँपरसँड, हॅश, २३२५ आणि अर्धविराम अशी, चुकीची नाही, पण तिने करजगी १५ बाइटांऐवजी ३५ चे होते आणि फाइल माणसाला वाचता येत नाही. मदतपुस्तक तपासणारा गावातला माणूस ते वाचणार कसा? रकान्याची लांबी बाइटांत मोजली असेल तर वीस बाइटांत सहा खुणा बसतात आणि सातवीचे दोन तुकडे उरतात. अशा तुटक्या अक्षराशी पार्सर थांबेल, आणि बरोबरच थांबेल. टॅगांची नावे मराठीत ठेवता येतात का, असे तरुण मुले हौसेने विचारतात. येतात, एक्सएमएलला ते मान्य आहे. तरी मी डॉकबुकची नावे ठेवते, कारण ती ओळखणारी हत्यारे जगभर तयार आहेत आणि आपली मेहनत मजकुरावर जावी असे मला वाटते.

केंद्रावरचे सॉफ्टवेअर नंतर बदलले. नव्याचे मदतपुस्तकही मीच केले, आणि छापायला देण्याआधी अण्णांना आणि त्या आजींच्या नातीला ते मोठ्याने वाचायला लावले, तिने कन्नड पाने आणि त्यांनी मराठी. तेव्हापासून प्रत्येक नव्या फाइलीत सगळ्यात आधी मी एक ओळ टाइप करते, ती फाइल पूर्ण वाटेने, संपादकापासून छपाईच्या पानापर्यंत, पाठवते, आणि ती जशी गेली तशी आली तरच कामाला लागते. रिकाम्या घरांत पडणारी अक्षरे, आडवा र आणि रफार, ऑ आणि ळ तिच्यात मुद्दाम घेतले आहेत. शेवटी गावाचे नाव आहे, कारण बाकी सगळे बिघडले तरी ते परत मिळते आणि बिघाड कुठवर गेला ते त्यावरून मोजता येते. पान उलटण्याआधी ती तुम्हीही एकदा टाइप करून पाहा: एप्रिलच्या ऐन उन्हात दऱ्यांतली झुडपे वाळली, ऑगस्टपर्यंत वाट पाहू, करजगी.